कारखाना मांडताना आर्किटेक्चर फ्रेमवर्क कशाला? खानदेशातल्या कारखानदारांचे नेहमीचे प्रश्न

डाळमिल, चटई, ठिबकच्या नळ्या, जिनिंग, केळीचं रायपनिंग चेंबर (केळी पिकवायची बंद खोली) अशा धंद्यांतली मंडळी आणि इथली इंजिनीअरिंगची मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आर्किटेक्चर फ्रेमवर्क म्हणजे कारखाना उभा करण्याआधी तो कागदावर नीट मांडून बघायची ठरलेली चौकट. उदाहरणांतले आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या कारखान्याचे आकडे तुम्ही घाला.

मशीनचं कोटेशन हातात आहे, शेड उभी आहे, बँकेची मंजुरीही आली. आता मध्येच हे फ्रेमवर्क कशाला?

सही करायच्या आधी विचारलंत, बरं झालं. आपल्याकडे क्रम साधारण ठरलेला असतो. प्रदर्शनात मशीन बघितलं, एमआयडीसीत शेजारच्याकडे तेच मशीन चालताना बघितलं, टोकन देऊन मोकळे झालो. मग जागा, वीजभार, माणसं, कच्चा माल हे सगळं त्या मशीनच्या मागे धावत सुटतं. फ्रेमवर्क हा क्रम उलटा करतं. आधी काय आणि किती विकायचं, त्यासाठी कोणकोणती कामं करावी लागतात, त्या कामांचे निर्णय कोण घेतं, त्याला कोणती माहिती लागते, आणि सगळ्यात शेवटी ते काम माणसाकडे द्यायचं की मशीनकडे.

हिशेब करून बघू. तुरीची डाळमिल आहे, रोज २० टन तूर घ्यायची आहे. तूर रोलरवर ओरखडली, तेल लावलं, की ती ओट्यावर उन्हात पसरावी लागते. एप्रिल-मेमध्ये जळगावच्या उन्हात ती समजा तीन दिवसांत वाळते. म्हणजे कोणत्याही क्षणी ओट्यावर ६० टन माल पडलेला असतो. ओटा ७० टनांचा आहे, तेव्हा चिंता नाही. ऑगस्टमध्ये आभाळ भरून येतं आणि तोच माल वाळायला पाच दिवस घेतो. आता ७० भागिले ५, म्हणजे १४ टन. तुमची २० टनांची मिल १४ टनांवर आली. अशा वेळी पुढच्या टोकाला लाखो रुपयांचं नवं सॉर्टेक्स (रंग बघून डाळ निवडणारं मशीन) बसवलं, तरी १४ चे १५ होणार नाहीत. ते मशीन उत्तम असेल, पण ते दिवसाचा बराच वेळ रिकामं फिरेल.

चालू मालाचा साठा, रोजचा वेग आणि माल आत राहण्याचा काळ यांचं हे नातं जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलं. त्यासाठी संगणक लागत नाही, ओट्यावर उभं राहून पोती मोजली तरी पुरतं. कोटेशनवर सही करण्याआधी हा एक हिशेब तेवढा करा. उरलेलं खाली वाचा.

आर्किटेक्चर म्हणजे लेआउटच ना?

नाही. लेआउट म्हणजे कोणतं मशीन कुठे बसणार याचा नकाशा. तो आर्किटेक्चरचा एक भाग झाला, आणि बराच उशिरा येणारा. आर्किटेक्चरमध्ये माल कसा फिरतो, माहिती कशी फिरते, निर्णय कोणाकडे आहेत, माणसं आणि यंत्रं कोणती, हे सगळं एकमेकांशी जुळतं का ते बघायचं असतं. फ्रेमवर्क सांगतं की यासाठी कोणकोणती चित्रं काढायची, कोणाच्या नजरेने काढायची आणि कोणत्या क्रमाने.

‘कोणाच्या नजरेने’ हा भाग महत्त्वाचा. तुमच्याच भट्टीकडे बँकेचा माणूस हप्त्याच्या हिशेबाने बघतो, फिटर बेअरिंगपर्यंत हात पोचेल का ते बघतो, प्रदूषण मंडळाचा अधिकारी धुराड्याकडे बघतो आणि मुकादम पोती उतरवायला जागा किती ते बघतो. आयएसओ ४२०१० हे मानक याच विचारावर उभं आहे: आधी संबंधित माणसं लिहा, त्यांच्या काळज्या लिहा, मग प्रत्येक काळजीचं उत्तर देणारं चित्र काढा. ज्या चित्राने कोणाच्याच काळजीचं उत्तर मिळत नाही, ते काढण्यात वेळ घालवू नका.

अशी फ्रेमवर्क आहेत तरी किती? सगळी शिकावी लागतात का?

नावं भरपूर आहेत. सगळी शिकायची गरज नाही, पण कुठून काय आलं ते माहीत असलं की विकणारा माणूस समोर बसल्यावर गोंधळ होत नाही.

सगळ्यात जास्त कानावर पडणारं नाव झॅकमन. आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये ते मांडलं. काय, कसं, कुठे हे आधीचे तीन आणि कोण, केव्हा, का हे नंतर जोडलेले तीन असे सहा रकाने, आणि मालकापासून प्रत्यक्ष बांधणाऱ्यापर्यंत वेगवेगळ्या पातळ्यांच्या ओळी. ते मुळात माहिती यंत्रणांसाठी होतं. कारखान्याला लावता येतं, पण मालाची हालचाल त्यात नीट पकडली जात नाही. त्याच १९८० च्या दशकात युरोपात एस्प्रिट या संशोधन कार्यक्रमातून सिमोसा तयार झालं. संगणकाने जोडलेल्या कारखान्यासाठीच ते बनवलं होतं आणि कार्य, माहिती, साधनं, संघटना अशा चार बाजूंनी कारखाना बघायची शिस्त त्याने घालून दिली. फ्रान्समध्ये बोर्डो विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत ग्राय पद्धत घडली, तिचा सगळा भर निर्णयांवर. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात थिओडोर विल्यम्स यांच्या पुढाकाराने पेरा तयार झालं, त्यात माणसाचं काम हा स्वतंत्र विषय मानला गेला.

इतकी झाल्यावर कोणतं खरं, असा वाद होणारच. तो मिटवायला आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने या सगळ्यांना पोटात घेणारं गेराम बनवलं आणि त्यावर आधारलेलं आयएसओ १५७०४ हे मानक २००० मध्ये आलं. त्यानंतर यंत्रं इंटरनेटने जोडायचा काळ आला, तेव्हा त्यासाठी २०१५ मध्ये जर्मनीतून रामी ४.० आलं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल इंटरनेट कन्सॉर्शियमचं आयआयआरए. टोगाफ म्हणाल तर ते मोठ्या कंपन्यांच्या आयटी विभागासाठी आहे. तीस-चाळीस माणसांच्या चटई कारखान्याने त्याच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या कामाचं एकच सांगा.

ग्रायचा तक्ता. बाकीच्यांबद्दल वाद घालता येईल, याच्याबद्दल मी घालणार नाही. कारण सरळ आहे. आपल्या भागात मशीन चालवणारे, दुरुस्त करणारे, अगदी जुगाड करून नवीन बनवणारे कारागीर चांगले आहेत. कारखाना अडतो तो निर्णयांच्या गोंधळात. काय बनवायचं ते शेठ फोनवर सांगतात, मुलगा व्हॉट्सअॅपवर बदलतो, काका मिलमध्ये येऊन तिसरंच सुरू करतात आणि मुकादम ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो.

एक मोठा चार्टपेपर घ्या. वरती रकाने पाडा: खरेदी, साठा, उत्पादन, माणसं, देखभाल, विक्री. डावीकडे ओळी पाडा आणि प्रत्येक ओळीत दोन आकडे लिहा. पहिला आकडा, निर्णय किती पुढचं बघून घेतो. दुसरा, तो किती दिवसांनी पुन्हा तपासतो. वरची ओळ: एक वर्ष पुढचं, तीन महिन्यांनी तपासणी. दुसरी: एक महिना पुढचं, दर आठवड्याला. तिसरी: आठवड्याचं, दररोज. शेवटची: आजचं, पाळीगणिक. आता प्रत्येक घरात लिहा की तिथे कोणता निर्णय होतो आणि तो कोण घेतो. मग बाण काढा: कोणत्या घरातला निर्णय कोणत्या घराला बांधून टाकतो.

डाळमिलचा तक्ता भरला की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. पहिल्या ओळीत खरेदीचं घर गच्च भरलेलं असतं. नवी तूर बाजारात आली की भाव बघून शेठ वर्षभराचा अंदाज बांधतात, विदर्भ-मराठवाड्यातून, कधी कलबुर्गीकडून, कधी म्यानमार किंवा आफ्रिकेतून आयात झालेला माल घेतात. त्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. शेवटच्या ओळीत उत्पादनाचं घरही भरलेलं असतं. आज ओट्यावर किती पसरायचं, ताडपत्री कधी ओढायची, हे मुकादम आभाळाकडे बघून ठरवतो आणि तोही त्यातला दर्दी असतो. मधल्या दोन ओळी मात्र कोऱ्या. पुढच्या महिन्यात ओटा किती दिवस मिळणार, ड्रायर भाड्याने घ्यायचा का, रोलरची एमरी (ओरखडणारा खरखरीत थर) पावसाआधी बदलायची की नंतर, कोणत्या गाडीची ऑर्डर आधी काढायची, हे निर्णय ठरलेल्या माणसाकडे नसतात. ते अंगावर येऊन पडले की घेतले जातात, तेही जो समोर सापडेल त्याच्याकडून.

तक्त्यात तीन गोष्टी तपासा. एखादं घर कोरं आहे का. एकाच घरात दोन नावं आहेत का. आणि आठवड्याचा निर्णय महिन्याने मिळणाऱ्या माहितीवर अवलंबून आहे का. तिसरी गोष्ट पटकन नजरेत येत नाही. उताऱ्याचं उदाहरण घ्या. १०० किलो तुरीतून साधारण ७०-७५ किलो डाळ मिळते, बाकी चुनी, तुकडा, टरफल. हा उतारा लॉटप्रमाणे रोज कळायला हवा. बहुतेक ठिकाणी तो महिनाअखेरीला अकाउंटंटच्या पानावर उमटतो. तोवर त्या लॉटची डाळही गेलेली असते आणि चुनीही.

घरचाच धंदा आहे. वडील, काका आणि मी. कोण काय ठरवणार हे कागदावर लिहिलं तर घरात भांडण होईल.

होऊ शकतं. म्हणून सुरुवात खालच्या ओळीपासून करा. पाळीचे निर्णय कोण घेतो यावर सहसा कोणाचं मन दुखत नाही. मग आठवड्याची ओळ भरा. वरची वर्षाची ओळ वडिलांनाच भरू द्या, त्यांच्या हाताने. आणि तक्त्यात माणसाच्या नावाऐवजी जबाबदारी लिहा: ‘खरेदी बघणारा’, ‘मिल बघणारा’. दोन जबाबदाऱ्या एकाच माणसाकडे असल्या तरी चालतं. एक जबाबदारी दोघांकडे असली की बिघडतं.

सगळं ऑटोमॅटिक करायचं की माणसं ठेवायची?

पेरामध्ये यासाठी तीन रेषा सांगितल्या आहेत. कारखान्यातली सगळी कामं एका यादीत मांडा. पहिली रेषा: तंत्राने जास्तीत जास्त किती कामं यंत्राकडे देता येतील. दुसरी रेषा: जास्तीत जास्त किती कामं माणूस करू शकेल, वेग, ताकद, उष्णता, धोका यांमुळे जी माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत ती त्याच्या पलीकडे गेली. या दोन रेषांच्या मध्ये जो पट्टा उरतो, त्यातली कामं माणूसही करू शकतो आणि यंत्रही. तिसरी रेषा त्या पट्ट्यात कुठेतरी तुम्ही ओढायची. ती पैशावर, माणसं मिळण्यावर आणि कामाच्या चढउतारावर ठरते.

हा पट्टा आपल्याकडे मोठा आहे. पोतं भरणं, शिवणं, थप्पी लावणं, गाडी भरणं, सगळं त्यातच येतं. थप्पी आणि गाडी भरण्यात माथाडी कामगारांचा प्रश्नही येतो, १९६९ पासून त्याला कायदा आहे, त्यामुळे ती रेषा तुम्ही एकटे हलवू शकत नाही. डाळीचा रंग निवडणं मात्र पट्ट्यातून बाहेर गेलेलं काम आहे. सॉर्टेक्सच्या वेगाने दाणा न् दाणा बघणं माणसाला शक्य नाही. उलट ओट्यावरचा माल वाळला का, हे हातात घेऊन, दाताखाली चावून सांगणारा माणूस अजून ठेवावा. ओलावामापक त्याच्या जोडीला द्या, त्याच्या जागी नको.

कामाचा नकाशा कागदावर काढायचा कसा? सुरुवात कुठून?

आयडीईएफ-शून्य वापरा. १९७० च्या दशकात अमेरिकन हवाईदलाच्या कार्यक्रमातून ही पद्धत आली आणि १९९३ मध्ये तिथलं सरकारी मानक झाली. नियम सोपे आहेत. एक चौकोन म्हणजे एक काम, आणि त्याचं नाव क्रियापदात. डावीकडून आत येतो तो माल किंवा माहिती, उजवीकडून बाहेर जातं ते तयार झालेलं. वरून येतात नियंत्रणं, म्हणजे नियम, मानकं, ऑर्डर. खालून येतात साधनं, म्हणजे माणसं आणि यंत्रं. एका पानावर तीन ते सहा चौकोन. सातवा लागला तर समजा दोन पातळ्यांची कामं एकाच पानावर आली आहेत. मग प्रत्येक चौकोन उघडून पुढचं पान.

ठिबकची नळी बनवणाऱ्याचा एक चौकोन बघू: ‘ड्रिपर बसवून नळी ओढणे’. डावीकडून प्लास्टिकचे दाणे, काळा मास्टरबॅच (रंगाचे दाणे) आणि ड्रिपर. उजवीकडून नळीचं बंडल, आणि भंगारही; भंगाराचा बाण लोक विसरतात, मग ते भंगार शेडमागे साचतं. खालून एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून नळी ओढणारं यंत्र), पाण्याचा टँक, ऑपरेटर. वरून विक्रीची ऑर्डर आणि आयएस १३४८८ हे भारतीय मानक. वरचा हा बाण काढला की लगेच पुढचा प्रश्न पडतो: मानकातल्या चाचण्या कोणत्या चौकोनात होतात? तो चौकोन पानावर नसेल तर प्रयोगशाळेची जागा, उपकरणं आणि माणूस तिन्ही तुमच्या खर्चात धरलेले नाहीत.

मार्करने चार्टपेपरवर काढा, मुकादमाला समोर बसवून. संगणकावर नंतर उतरवता येतं.

चटईचे किती लूम घ्यायचे, हे फ्रेमवर्क सांगतं का?

फ्रेमवर्क आकडा देत नाही, पण तो काढल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. समजा रोज १८०० चटया विकायच्या आहेत. दोन पाळ्या, चहा-जेवण आणि रीळ बदलणं वजा जाता प्रत्येकी सात तास, म्हणजे १४ तास, म्हणजे ५०,४०० सेकंद. भागिले १८००, म्हणजे दर २८ सेकंदाला एक चटई बाहेर पडली पाहिजे. एका लूमला एका चटईला सात मिनिटं, म्हणजे ४२० सेकंद लागत असतील तर १५ लूम. पण लूम बंदही पडतात. १०० पैकी ८५ वेळच चालू धरले तर १५ भागिले ०.८५, म्हणजे १८ लूम लागतात.

खरी गंमत यापुढे आहे. लूम दोन पाळ्यांत चालतात, पण ज्या प्लास्टिकच्या नळीने चटई विणतात ती ओढणारा एक्स्ट्रूडर रोज बंद-चालू करणं कोणालाच परवडत नाही. तो रात्रंदिवस चालतो. चटईचं वजन सव्वा किलोच्या आसपास, हिशेबाला १.२ किलो धरा. रोज २१६० किलो, म्हणजे तासाला ९० किलो. लूम बंद असलेल्या दहा तासांत ९०० किलो नळी तयार होऊन पडणार, म्हणजे ७५० चटयांचा माल. तो ठेवायला जागा कुठे, रंगाप्रमाणे वेगळा कोण ठेवणार, सकाळी कोणता रंग आधी लूमवर चढवायचा हे कोण सांगणार? लेआउटच्या नकाशात ही जागा क्वचित दाखवलेली असते. मग रिळं जिन्याखाली, पॅनेलसमोर, वाटेत, जिथे सापडेल तिथे.

ऊन, लाइट जाणं, पाणी या गोष्टी या चौकटींत कुठे बसतात?

साधनांच्या चित्रात, आणि बाहेरच्या देशातून आलेला नमुना जसाच्या तसा उचलला की नेमक्या याच गोष्टी राहून जातात. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. मोटरचा वेग बदलणारे बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच्या हवेत पूर्ण क्षमतेने चालतात, त्यापुढे क्षमता कमी धरावी लागते. म्हणजे कोटेशनमध्ये लिहिलेला ड्राइव्ह कागदावर पुरेसा आणि वैशाखात ट्रिप होणारा, असं होऊ शकतं. एक नंबर मोठा घ्या किंवा पॅनेलला थंडावा द्या, आणि ते साधनांच्या तक्त्यात लिहून ठेवा.

विजेचं तसंच. डाळीचा रोलर लाइट गेली तर थांबतो, आली की चालतो. एक्स्ट्रूडरच्या बॅरलमध्ये मात्र प्लास्टिक अडकून राहतं, जळतं, आणि पुन्हा सुरू करताना बराच माल भंगारात जातो. म्हणून प्रत्येक यंत्रापुढे एक रकाना ठेवा: ‘पाच मिनिटं वीज गेली तर काय होतं’. जनरेटर संपूर्ण कारखान्याला लागतो की दोनच यंत्रांना, हे त्या रकान्यावरून दिसेल.

आमच्याकडे टॅली आहे आणि मशीनवर पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) आहे. अजून काय हवं?

आयसा-९५ या मानकात, जे पुढे आयईसी ६२२६४ म्हणून आंतरराष्ट्रीय झालं, कारखान्याच्या पातळ्या पाडल्या आहेत. शून्य म्हणजे प्रत्यक्ष प्रक्रिया. एक म्हणजे सेन्सर आणि मोटर. दोन म्हणजे पीएलसी आणि स्काडा, म्हणजे यंत्रांवर पडद्यावरून लक्ष ठेवणारी यंत्रणा. तीन म्हणजे उत्पादनाचं रोजचं नियोजन, लॉटचा माग, गुणवत्ता, देखभाल. चार म्हणजे खरेदी-विक्री, हिशेब.

तुमच्याकडे दोन आहे, चार आहे. तिसरी पातळी सुपरवायझरच्या वहीत आहे, आणि सुपरवायझर भाच्याच्या हळदीला गेला की ती पातळी त्याच्याबरोबर सुट्टीवर जाते. यावर लगेच महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. आधी ती वही नीट आखा: लॉट नंबर, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, किती आत, किती बाहेर, थांबलं तर का. तीन महिने वही रोज भरली जात असेल तर एक्सेल करा. एक्सेल टिकलं तर सॉफ्टवेअरचा विचार. वहीच भरली जात नसेल तर सॉफ्टवेअरमध्येही कोणी भरणार नाही.

आणखी एक. पातळी दोनवरचा संगणक आणि बिलं करायचा, मेल उघडायचा संगणक एकच ठेवू नका. बिलिंगच्या संगणकात व्हायरस शिरला तर निदान मिल चालू राहिली पाहिजे.

केळीचं रायपनिंग चेंबर हा कारखाना आहे का? त्याला हे लागू पडतं?

पुरेपूर. यावल-रावेरच्या पट्ट्यात आता ही चेंबर वाढताहेत. पण त्याला लागू पडतं ते बॅच पद्धतीचं (एका वेळी एक घाणा काढायचं) मानक, आयसा-८८, १९९५ सालचं. त्यातला एकच विचार उचला: कृती वेगळी ठेवा आणि यंत्र वेगळं ठेवा. कृती म्हणजे साधारण १६ ते १८ अंश तापमान, भरपूर आर्द्रता, पहिल्या दिवसभर इथिलीन (फळ पिकवणारा वायू), मग दारं उघडून साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढणं, आणि रंग किती हवा त्याप्रमाणे चार-पाच दिवस. यंत्र म्हणजे चेंबर एक, दोन, तीन. कंप्रेसर, पंखे, इथिलीनची नळी.

हे दोन्ही एकत्र ‘चेंबर दोनची पद्धत’ म्हणून ऑपरेटरच्या डोक्यात असलं, की चेंबर दोन बंद पडल्यावर तीनमध्ये तसा रंग येत नाही. कृती कागदावर स्वतंत्र असेल तर चेंबर बदललं तरी माल तोच निघतो. दिल्लीच्या व्यापाऱ्याला वेगळा रंग हवा आणि जवळच्या बाजाराला वेगळा, तर दोन कृती करा. नवं चेंबर लागत नाही.

इंडस्ट्री ४.० साठी, म्हणजे यंत्रं इंटरनेटने जोडण्यासाठी, रामी घ्यावं लागेल का?

आज नाही. रामी तीन अक्षांवर उभं आहे: एकावर यंत्रापासून व्यवसायापर्यंतचे सहा थर, दुसऱ्यावर वस्तूपासून जोडलेल्या जगापर्यंतची उतरंड, तिसऱ्यावर वस्तूचं आयुष्य. त्यातली एक गोष्ट आजही घेण्यासारखी आहे. प्रत्येक यंत्राची स्वतःची एक माहितीची फाइल असावी, सगळ्यांना वाचता येईल अशा ठरलेल्या रूपात. तुम्ही यंत्र घेताना पुरवठादाराकडून पीएलसीचा प्रोग्रॅम, पासवर्ड, वायरिंगचा नकाशा आणि ओपीसी यूए किंवा मॉडबसची (यंत्रांनी एकमेकांशी माहिती देवघेव करायच्या ठरलेल्या पद्धती) जोडणी लेखी मागून घ्या. पुढे काय जोडायचं ते पुढे ठरवू, पण पासवर्ड पुरवठादाराकडे राहिला तर काहीच जोडता येत नाही.

लीन, टोयोटा पद्धत आणि हे फ्रेमवर्क एकच का?

नाही, पण भांडणही नाही. लीन चालू कारखान्यातला फाजील साठा, वाट बघणं, उगाच हलवाहलव दाखवतं. फ्रेमवर्क कारखाना उभा राहण्याआधी विचारतं की ते येणारच कशाला. दोघांना जोडणारं कामही झालेलं आहे. एमआयटीतल्या नाम सुह यांच्या डिझाइनच्या सिद्धांतावरून डेव्हिड कॉक्रन यांनी उत्पादन यंत्रणेची उतरंड मांडली: प्रत्येक उद्दिष्टाला एक उपाय, आणि एका उपायाने दुसरं उद्दिष्ट बिघडायला नको. ‘मोठा लॉट काढून सेटिंगचा वेळ वाचवू’ हा उपाय ‘ऑर्डर वेळेत देऊ’ या उद्दिष्टाला कसा मारतो, ते त्या उतरंडीत डोळ्यांना दिसतं. चटईचे रंग बदलताना रोज हेच होतं.

सल्लागाराने जाडजूड रिपोर्ट दिलाय, सगळा इंग्रजीत. त्याचं काय करू?

त्यातली तीन पानं शोधा: कामांचा नकाशा, निर्णयांचा तक्ता, यंत्रांच्या संख्येचा हिशेब. ती असतील तर मराठीत उतरवून मिलमध्ये भिंतीवर लावा. नसतील तर पैसे द्यायच्या आधी मागा.

कारखाना एकदा उभा राहिला की हे काम संपलं का?

गेराममध्ये कारखान्याचं आयुष्य धरलं आहे: कल्पना, गरजा, प्राथमिक रचना, तपशील, उभारणी, चालवणं आणि मोडणं. मोडणंसुद्धा. आपल्याकडे जुनं जिनिंग बंद पडतं आणि शेड, यंत्रं, वीजजोडणी वर्षानुवर्षं तशीच अडकून पडते, कारण तो टप्पा कोणी आखलेलाच नसतो. धंदा बदलू शकतो हे खानदेशाला सांगायला नको. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली. तक्ता वर्षातून एकदा, हंगाम सुरू व्हायच्या आधी, काढून तपासा. नवा प्लॉट, नवा भागीदार किंवा नवा माल आला तर लगेच.

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. यावर प्रोजेक्ट करता येईल का?

करता येईल, आणि पाचव्यांदा तीच सोलर गाडी बनवण्यापेक्षा बरा होईल. एकच कारखाना निवडा, घराजवळचा, जिथे तुम्हाला रोज जाता येईल. मालकाकडे हिशेबाची वही मागू नका, संशय येतो. उत्पादनाचे आकडे मागा. दोन आठवडे फक्त बघा: माल कुठे थांबतो, किती वेळ थांबतो, कोण कोणाला विचारायला जातं. त्यावरून आयडीईएफचा नकाशा आणि ग्रायचा तक्ता काढा. मग एकाच अडचणीचं सिम्युलेशन करा, म्हणजे संगणकावर ती चालवून बघा; पायथनमधलं सिमपाय फुकट आहे. डाळमिल असेल तर पावसाळ्यातला ओटा घ्या: वाळायचा काळ तीन दिवसांऐवजी तीन ते सहा दिवसांत बदलता ठेवा आणि ड्रायर असताना, नसताना रोज किती टन निघतात ते बघा. परीक्षकांना आलेख आवडतील. मालकाला मात्र आलेख दाखवू नका. ड्रायरचं भाडं किती आणि जास्तीची डाळ किती, हे एका कागदावर लिहून द्या.